बोलत बसल्याचा आरोप

“आरोप वाचा,” बिडवई साहेब म्हणाले.

मी उभी राहून वाचला. “कर्मचारी केरबा भाऊ खोत, पद व्हॉल्व्हमन, यांनी मंगळवारी सकाळी शिंपी गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला व वेळेत बंद केला नाही. त्यामुळे टाकी पूर्ण रिकामी होऊन सराफ गल्ली, पेठ व वरची आळी यांना पाणी मिळाले नाही. सदर वेळी कर्मचारी हे शिंपी गल्लीतील एका दुकानात बोलत बसले होते.”

“‘बोलत बसले होते’ याच्याखाली रेघ मारा.”

मी रेघ मारली. ते दुकान माझ्या वडिलांचं होतं. दुसऱ्या एखाद्या नगरपालिकेत साक्षीदाराच्या मुलीला चौकशी लिहायला बसवलं नसतं. आमच्यात बसवलं, कारण साहेबांना वाचता येईल असं अक्षर ऑफिसात फक्त माझं होतं आणि मी रोजंदारीवर असल्यामुळं नाही म्हणण्याचा प्रश्न नव्हता. गावाचं नाव मी सांगत नाही. अजून तिथंच राहते आणि एक दिवसाआड पाणी भरते.

समोर खुर्चीच्या टोकावर केरबादाजी बसले होते. खाकी शर्टाला इस्त्री, टोपी मांडीवर, चेहरा लग्नाला आल्यासारखा. सभागृहात कुणी शिरलं की ते हात करायचे. शिपाई पाणी घेऊन आला तर त्याला त्यांनी हळूच विचारलं, “तुज्या मेव्हन्याचा गुडघा काय म्हनतोय?” बाहेर व्हरांड्यात त्यांची बायको हौसाक्का भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडं मात्र ते बघत नव्हते.

“खोत, तुम्हाला काही सांगायचंय?” साहेबांनी विचारलं.

“सांगायचं म्हंजे लई हाय, सायेब. कुटनं सुरू करू?”

“कुठूनच नको,” साहेब म्हणाले.

बिडवई साहेब आमचे मुख्याधिकारी, मराठवाड्यातून बदलून आलेले, नवे. दाजी काय चीज आहे हे त्यांना समजायला वेळ मिळाला नव्हता. हौसाक्का आमच्या गावची लेक. तिच्याशी लग्न करून केरबा खोत सीमेवरच्या एका खेड्यातून इथं आले आणि इथंच राहिले. म्हणून सगळ्या गावाचे ते दाजी. ज्यांचा हौसाक्काशी काही संबंध नव्हता तेही दाजी म्हणायचे, आणि दाजी प्रत्येकाशी मेव्हण्यासारखी थट्टा करायचे. नगरपालिकेनं त्यांना लांब लोखंडी चावी दिली होती. ती सायकलच्या दांडीला बांधून ते गल्लोगल्ली फिरायचे, रस्त्यातलं झाकण उचलून व्हॉल्व्ह उघडायचे, आणि तो बंद करायची वेळ होईपर्यंत जवळच्या कट्ट्यावर बसायचे.

सगळी गंमत त्या बसण्यात होती. कागदावर प्रत्येक गल्लीला पाऊण तास पाणी होतं. पण दाजींकडं घड्याळ नव्हतं. गप्पा संपल्या की ते उठायचे आणि चावी फिरवायचे. म्हणजे ज्या गल्लीत गप्पा लांबायच्या, तिथं पाणी जास्त. ही गोष्ट साहेब सोडून सगळ्या गावाला माहीत होती आणि गावानं तिची व्यवस्थित सोय लावली होती. सराफ गल्लीतल्या बायकांनी विषय वाटून घेतलेले असायचे, म्हणजे एकीचा संपला की दुसरीचा तयार. गवळीवाड्यात एक पैलवान होता, तो भुताची गोष्ट अशा ठिकाणी तोडायचा की दाजींना परवा पुन्हा लवकर यावंच लागायचं. वरच्या आळीत निपाणीकडची एक सून आली, तिला माहेरच्या भानगडी सांगायची भारी हौस. तिच्या पायगुणानं तिसऱ्या मजल्यावर पाणी चढायला लागलं. पुढं पुढं स्थळ बघताना मुलगी बोलकी आहे का, हे लोक मुद्दाम विचारायला लागले.

पोतनीस गुरुजींच्या आळीला मात्र कधी पुरलं नाही. निवृत्त मुख्याध्यापक माणूस, ते दाजींना समोर बसवून चारित्र्यावर बोलायचे. दाजी थोडं ऐकायचे, नमस्कार करायचे आणि व्हॉल्व्ह बंद करायचे.

आणि सगळ्यात कोरडी आमची शिंपी गल्ली. आमचा व्हॉल्व्ह नेमका आप्पांच्या दुकानासमोर. माझे वडील ज्ञानदेव बोंगाळे हे बोलायचे नाहीत. रागानं नव्हे, गर्वानंही नव्हे. गरजच वाटायची नाही त्यांना. गिऱ्हाईक मापं द्यायला आलं तर हात वर करून दाखवायचे, म्हणजे त्यानं हात वर करायचा. आईशी भांडणसुद्धा त्यांनी एकट्या आईला करायला लावलं. दाजी यायचे, व्हॉल्व्ह उघडायचे, स्टुलावर टेकायचे.

“काय आप्पा?”

“चाललंय.”

एवढ्यावर विषय संपायचा. दाजी थोडी खटपट करून बघायचे, पावसापाण्याचं काढायचे, मग मांडीवर थाप मारून उठायचे. आमच्या गल्लीत पाणी नुसतं तोंड दाखवून जायचं. शेजारच्या बायका मला म्हणायच्या, “कुंदे, तुझ्या बापाला चार शब्द शिकीव की गं.”

असं असताना त्या मंगळवारी आमच्या गल्लीत पाणी आलं ते जाईचना. घागरी भरल्या, पिंपं भरली, तांबे-वाट्या भरल्या. बायकांनी वाकळा धुतल्या. धुतलेल्या वाकळा पुन्हा धुतल्या. गटार तुंबून पाणी रस्त्यावर आलं, तरी दाजींना जाऊन सांगावं असं एकालाही वाटलं नाही. मी त्या वेळी ऑफिसात होते. सराफ गल्लीत नगरसेवक उत्तमराव सावर्डेकरांच्या नातवाचं बारसं होतं, जेवणावळ बसलेली, आणि हात धुवायला पाणी नाही. उत्तमरावांनी पाहुण्यांच्या हातावर सोडावॉटर ओतलं. दुपारी त्यांची तक्रार आली आणि संध्याकाळी चौकशी लागली.

“याला शिक्षा एकच,” उत्तमराव उभे राहून म्हणाले. “जॅकवेलवर बदली.”

दाजींचा हात मांडीवरच्या टोपीवर घट्ट झाला, तो मला दिसला.

जॅकवेल म्हणजे नदीवरची विहीर. तिथून पंपानं पाणी गावाच्या टाकीत येतं. गावापासून लांब, भोवती ऊस आणि काटेरी झुडपं. तिथं एका माणसानं बसून मोटार चालू करायची, बंद करायची आणि मधल्या वेळात नदीकडं बघायचं. आप्पांना ती नोकरी दिली असती तर त्यांनी नारळ फोडला असता.

“सायेब,” दाजी उठले. “तेवडं सोडून कायबी करा. गटारं काढाय लावा. बाजार झाडून घ्या माझ्याकडनं. पर तिकडं नगा पाठवू.”

“का? सोपं काम आहे. बसून.”

“तिकडं कोन हाय? दुपारच्या म्हशी येत्यात. त्या बी पान्यात जाऊन बसत्यात.”

लोक हसले. दाजीही हसले, पण लगेच थांबले. “निदान आत्ता नगं. ह्यो महिना जाऊ द्या. महिन्यानं कुटंबी टाका, मी हूं का चूं करायचा न्हाई.”

“महिन्यात असं काय आहे?”

ज्या माणसाला साध्या नमस्काराचं उत्तर द्यायला सकाळ पुरत नसे, तो माणूस या प्रश्नावर गप्प बसला. मला ते खटकलं. साहेबांना ते उद्धटपणाचं वाटलं असावं. त्यांनी साक्षीदार बोलवायला सांगितलं.

आमच्या गल्लीतले लोक एकामागून एक आले. प्रत्येकानं शपथेवर सांगितलं की दाजींना व्हॉल्व्ह बंद करा म्हणून आपण स्वतः जाऊन बजावलं होतं. मालनकाकू म्हणाली, तिनं तर हात जोडले. मंगळवारी संध्याकाळीच तिनं मला दोरीवर वाळत घातलेल्या नऊवाऱ्या दाखवल्या होत्या आणि म्हणाली होती, लग्नात नेसले त्याच्यानंतर आज धुतल्या बघ. हे सगळं मला लिहून घ्यावं लागत होतं. माझं अक्षर त्या दिवशी बिघडलं.

मग आप्पांना बोलावलं. आप्पा गळ्यातली टेप तशीच ठेवून आले होते. त्यांनी एकदा दाजींकडं पाहिलं आणि समोर उभे राहिले.

“बोंगाळे, मंगळवारी खोत तुमच्या दुकानात बसले होते?”

“व्हय.”

“किती वेळ?”

“लई वेळ.”

“काय बोलत होते?”

“काय न्हाई.”

“म्हणजे काही महत्त्वाचं नाही?”

“बोललेच न्हाईत.”

सभागृहात खसखस पिकली. साहेबांनी टेबलावर हात आपटला. “सगळी सकाळ हा माणूस तुमच्या दुकानात बसला आणि बोलला नाही?”

“न्हाई.”

“मग करत काय होता?”

“गप बसलेला.”

आता उत्तमराव खो खो हसायला लागले. गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले. दरवाज्यातला शिपाई तोंडावर फडकं धरून बाहेर पळाला. अख्ख्या गावात आप्पांनी खोटं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण दाजी गप्प बसले यावर विश्वास ठेवण्यापेक्षा आप्पा खोटारडे निघाले यावर विश्वास ठेवणं लोकांना सोपं गेलं. बाप खोटी साक्ष देतोय आणि लेक ती लिहून घेतीय.

“बोंगाळे, ही चौकशी आहे, तमाशा नाही. कशासाठी गप्प बसला होता?”

आप्पांनी पुन्हा दाजींकडं पाहिलं. दाजींनी मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. ती फक्त आप्पांना आणि मला दिसली. आप्पांनी गळ्यातली टेप सारखी केली. मग म्हणाले, “शिकत हुते.”

“काय शिकत होते? शिलाई?”

“गप बसायला.”

यानंतर जो हशा झाला तो रस्त्यापर्यंत गेला. दाजीसुद्धा हसत होते, सगळ्यांत मोठ्यानं. साहेबांचा मात्र पारा चढला. “साक्षीदार चौकशीची टिंगल करत आहे, असं लिहा. आणि ऑर्डर घ्या. श्री. खोत यांची तात्काळ प्रभावाने जॅकवेल येथे…”

“लिवू नगंस, कुंदा.”

हौसाक्का दारात उभी होती. पदर डोक्यावरून घेतलेला, हातात कापडी पिशवी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती सरळ टेबलापर्यंत आली.

“आप्पांनी सांगितलं ते खरं हाय. मिरजंला दावलं सोमवारी. नरड्यात गाठ हाय. आवाजाची पेटीच काडून टाकायची म्हनत्यात. महिन्याभरानं बोलीवलंय. त्येच्या फुडं बोलनं बंद. जल्माचं.”

“हौसे, गप,” दाजी म्हणाले.

“का गप? गप तुमाला बसायचंय, मला न्हाई!” ती साहेबांकडं वळली. “घरी आले, जेवले न्हाईत. सकाळी म्हनाले, गावात येकच मानूस हाय, न बोलता सुखानं ऱ्हातंय. त्येच्यापाशी जाऊन बगतो, कसं जमतंय. म्हनून गेलते आप्पांकडं. कुनाला सांगू नगा म्हनून मागनं आप्पांकडनं सबूद घेतलेला. लोकांनी कीव केल्याली त्यास्नी नगं हुती. हेवडा येकच म्हैना त्यांचा. तेवडा तरी मानसांत जाऊ द्या, सायेब. तिकडं नदीकाठी कुनासंगं बोलतील?”

कुणी हसेना. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, पण नेमका कुणाचा ते समजेना. साहेबांनी माझ्यापुढचा ऑर्डरचा कागद घेतला, चार तुकडे केले आणि म्हणाले, “चौकशी संपली.” माणूस वाईट नव्हता.

पण चौकशी संपली तरी लोक उठेनात. हौसाक्का आणि आप्पाही मागच्या बाकावर टेकले. आमच्या गावात एकदा सभागृहात माणसं जमली की भाषण झाल्याशिवाय घरी जायची पद्धत नाही. उत्तमरावांनी घसा साफ केला.

“दाजी म्हणजे कोण? दाजी म्हणजे या गावाच्या तहानेला मिळालेला देवमाणूस. सराफ गल्लीच्या विकासात माझ्या खालोखाल कुणाचा वाटा असेल, तर तो दाजींचा होता.”

‘होता’ ऐकून दाजींनी वर पाहिलं. उत्तमराव जोरात होते. बारशाच्या दिवशी सोडावॉटरनं हात धुताना आपल्याला दाजींचीच आठवण कशी झाली, हे त्यांनी सांगितलं. त्यांच्यामागून मालनकाकू उठली. गवळीवाड्याचा पैलवान उठला, त्याला तर शब्दच फुटेना, तो नुसता “माझ्या गोष्टी आता कोण ऐकनार” एवढं म्हणून खाली बसला. हे एकच भाषण मला खरं वाटलं.

शेवटी गुरुजी उठले. गावात कुणी गेलं की शोकसभेत शेवटचं भाषण गुरुजींचं, ही वर्षानुवर्षांची वहिवाट. त्यांना बोलवावं लागत नसे, ते स्वतःहून यायचे. त्यांचा आवाज शोकसभेत जसा खाली उतरायचा तसा आपोआप उतरला. उजवा हात उपरण्यावर गेला.

“माणूस येतो, माणूस जातो. मागे राहतो तो सुगंध. दाजी आणि मी तासन्‌तास चारित्र्यावर चर्चा करत असू. तो मनमोकळा स्वभाव, ती थट्टा, ती सायकलची घंटा आता आपल्या गल्लीत ऐकू येणार नाही. त्यांच्या कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. आपण सारे त्यांच्या दुःखात सहभागी आहोत. आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून…”

आणि सगळे उभे राहिले.

खुर्च्या सरकल्याचा एकच आवाज झाला. बिडवई साहेब उभे राहिले, शिपाई उभा राहिला, उत्तमरावांनी हात पुढं बांधून मान खाली घातली. माझे पाय माझ्या नकळत उभे राहिले, हातात पेन तसंच. कुणी विचार केला नव्हता. आयुष्यभर ज्या वाक्याला उभं राहायचं त्या वाक्याला उभे राहिले, इतकंच. आणि दाजीसुद्धा उभे राहिले. टोपी हातात धरून, मान खाली घालून, अगदी शिस्तीत. बसून राहिलेली माणसं दोनच. हौसाक्का आणि आप्पा.

थोड्या वेळानं गुरुजींच्या ध्यानात आलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. पण दोन मिनिटं मध्येच थांबवायची कशी? त्याची पद्धत कुणालाच माहीत नव्हती. तेव्हा ती पूर्ण झाली. शेवटी गुरुजी “ॐ” एवढं म्हणाले आणि पुढचं गिळून खोकायला लागले.

दाजी सगळ्यांत आधी बसले. “बसा, बसा मंडळी,” ते म्हणाले. “मला काय हेवडी घाई न्हाई.”

लोक हसले. आप्पा तेवढे उठले, दाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुकान उघडायला निघून गेले.

बदली टळली. दाजींच्या गल्ल्या दाजींकडं राहिल्या. आम्हाला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी दाजी सराफ गल्लीत गेले, व्हॉल्व्ह उघडला, कट्ट्यावर बसले. “काय गं मंगल, सासू कुटं पळाली?” त्यांनी सुरुवात केली. मंगलनं डोळ्यांत पाणी आणून ओठांवर बोट ठेवलं. “दाजी, एक शब्द बोलायचा नाही. घशाला त्रास होतो. नुसती मान हलवा.” चार घरांतून हळद घातलेलं गरम दूध आलं. एकीनं ज्येष्ठमध आणला, एकीनं अंगारा. बायका त्यांच्याभोवती गोल बसल्या आणि त्यांच्याकडं बघत राहिल्या. दाजींनी दूध पिऊन व्हॉल्व्ह बंद केला.

गवळीवाड्यात पैलवानानं त्यांना पाहिलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. भुताच्या गोष्टी आता सांगवत नाहीत, असा त्यानं आतून निरोप दिला. वरच्या आळीत निपाणीच्या सुनेला सासऱ्यानं तंबी दिली, दाजी आले की तोंड उघडायचं नाही, त्यांना उत्तर द्यावंसं वाटतं. गुरुजींनी पाटी-पेन्सिल भेट दिली. दाजींना सही तेवढी येत होती. त्यांनी पाटीवर सही करून दाखवली.

राहता राहिले आप्पा. त्यांच्या दुकानात दाजी बोलायचे, आप्पा हातातलं काम थांबवून ऐकायचे. पण जाणारा-येणारा प्रत्येक जण दुकानापाशी थबकायचा आणि आप्पांनाच फैलावर घ्यायचा. “आप्पा, तुम्हाला तरी समजायला पाहिजे! आजारी माणसाला बोलायला लावता?” जन्मात ज्यानं कुणाला बोलायला लावलं नाही, त्याच्यावर हा आळ आला. आप्पांनी तोही गप्प ऐकून घेतला. पण लोक दाजींना हाताला धरून घरी पोचवायला लागले, तिथं आप्पा काय करणार?

गप्पाच नाहीत म्हटल्यावर गावात पाणीही कुठल्याच गल्लीला पुरेना. पण तक्रार कोण करणार? लोक एकमेकांना म्हणायचे, यंदा धरणातच कमी आहे.

पंधरवड्यानं दाजी ऑफिसात आले. साहेबांनी धावत येऊन त्यांना खुर्ची दिली. “बोलू नका, खोत. बसा. काय हवं ते खुणेनं सांगा.”

“सायेब, मला जॅकवेलवर टाका.”

“अहो, ती ऑर्डर मी फाडली! तुमच्यासाठी!”

“लई उपकार झाले. आता परत काडा.”

“पण तुम्हालाच माणसांत राहायचं होतं ना?”

“मानसं ऱ्हायली न्हाईत, सायेब. समदी डाक्टर झाली.” दाजी माझ्याकडं वळले. “लिव पोरी. आक्षर चांगलं काड. पंधरा दिस ऱ्हायल्यात माझ्याकडं.”

साहेब काही तरी बोलणार होते, पण त्यांचाही हात सवयीनं ओठांकडं गेला. तो तसाच खाली घेऊन त्यांनी मला मान हलवली. मी ऑर्डर लिहिली. गावात बातमी पसरली तेव्हा लोकांनी निःश्वास सोडला. बरं झालं, तिकडं घशाला आराम मिळेल, असं उत्तमराव जाहीरपणे म्हणाले.

ऑपरेशननंतर दाजी बरीच वर्षं जगले. गळ्याला पांढरं फडकं गुंडाळून बाजारात दिसायचे, खुणा करायचे, हसायचे. गावाला ते दाजी फार आवडायचे. पण मला दाजी आठवतात ते त्याआधीचे, त्या पंधरा दिवसांतले.

सोमवारी दुकान बंद असतं. आप्पा म्हणाले, “चल.” कुठं ते सांगितलं नाही, पण सायकल नदीकडं वळली. मी मागं कॅरिअरवर. नुकत्याच ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या होत्या. बीडकडची माणसं, गावात त्यांना कुणी ओळखत नव्हतं आणि त्यांनाही गाव माहीत नव्हतं. त्यांच्या खोपी जॅकवेलच्या शेजारी पडल्या होत्या. आम्हाला दाजी दिसायच्या आधी ऐकू आले. आवाज बसलेला होता, फाटलेला, पण थांबत नव्हता. वळण संपल्यावर दिसलं, घाटाच्या दगडांवर आठ-दहा बायका धुणं तसंच टाकून बसल्या होत्या, दोन-तीन गडी उकिडवे, आणि मध्ये दाजी उभे.

“आनि गुर्जी म्हनाले, समद्यांनी हुबं ऱ्हावा! झालं. सायेब हुबा, शिपाई हुबा, नगरसेवक आसा पोट आत वडून हुबा. अन्‌ निम्म्यात आल्यावर गुर्जीला कळलं, आरं तिच्या मायला, हे काय झालं! पर आता बसतोय कसा?” दाजींनी गुरुजींचा चेहरा करून दाखवला. बायका एकमेकींच्या अंगावर कोसळून हसत होत्या. एकीचं लुगडं नदीत वाहत निघालं, ते धरायला धावतानाही ती हसत होती.

हसू ओसरल्यावर एका म्हातारीनं विचारलं, “पर दादा, आसं मेलं कोण व्हतं मंग?”

“व्हता येक केरबा म्हनून. पानी सोडायचा गावाला.”

“चांगला व्हता का?”

“चांगला कसला! लई बडबड्या. पान्यापरीस तोंडच जास्ती चालायचं.”

“आन्‌ तुमी गेलता त्या सभंला?”

“गेलतो की,” दाजी म्हणाले. “हुबा बी ऱ्हायलो, दोन मिन्टं. टोपी काडून.”

“बिचारा,” म्हातारी म्हणाली.

मी पुढं जाणार होते. आप्पांनी माझा हात धरला. आम्ही सायकल बाभळीला टेकवली आणि त्या बायकांच्या मागं जाऊन दगडावर बसलो. दाजींनी आम्हाला पाहिलं. ओळख मात्र दाखवली नाही. घसा खाकरून त्यांनी पुढची गोष्ट सुरू केली.